न खोडलेले वाक्य

दौलतराव फडतरे कराडच्या एका छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे उलटे वाचण्याची त्यांच्या डोळ्यांना इतकी सवय जडली होती की देवळावरची पाटी सरळ वाचताना ते अडखळत, असे घरात सांगत. त्यांचे चिरंजीव आनंदराव त्याच छापखान्यात मुद्रिते तपासायला बसले. एका लग्नपत्रिकेत वधूपित्याच्या नावातली चूक त्यांच्या नजरेतून निसटली, तेव्हा तीनशे पत्रिका शाईने स्वतः दुरुस्त करून ते त्या गृहस्थांच्या दारात उभे राहिले आणि आत बोलावले तरी उंबरा ओलांडून गेले नाहीत. आनंदरावांचे चिरंजीव विश्वासराव शाळामास्तर. एका शब्दकोशासाठी त्यांनी अकरा वर्षे रोज सकाळी शब्दांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. कोश छापून आला आणि त्यावर त्यांचे नाव राहून गेले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "शब्द बरोबर पडलेत ना? मग झालं."

अशा घराण्यात उज्ज्वलाबाईंचा जन्म झाला; लग्नानंतरही त्यांनी माहेरचे आडनाव सोडले नाही. घराण्याला जमीनजुमला नव्हता. चुकीची लाज तेवढी होती, आणि ती पिढीगणिक वाढत आली होती.

उज्ज्वलाबाईंनी पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. पती लवकर गेले; एकुलत्या इंद्रजितला त्यांनी एकटीने वाढवले. आणि या सगळ्यातून उरलेला प्रत्येक तास सव्वीस वर्षे त्यांनी लोककोशाला दिला. लोककोश हा आंतरजालावरचा ज्ञानकोश. त्यात कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, आणि लिहिलेल्या प्रत्येक विधानाला छापील संदर्भ द्यावा. लिहिणारा तो सदस्य. त्यांच्यातून निवडलेले, शिस्त राखणारे ते प्रचालक. प्रचालकांत बाईंचा शब्द शेवटचा मानला जाई. कोणी आपल्या कंपनीचे पान बनवून त्यात 'अग्रगण्य' किंवा 'क्रांतिकारी' असे काही घातले, की दुपारच्या आत ते पान नाहीसे झालेले असे. सदस्य आपसांत म्हणत, "फडतरेबाईंची चाळणी आहे. रवा जाईल, खडा जायचा नाही."

बाईंच्या कानावर हे आले होते. त्यांना ते आवडतही होते. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी माणसाला एवढा अभिमान असू द्यावा.

०

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास अश्विनी ढेबे दारात आली. ती बाईंची जुनी विद्यार्थिनी. कोयनेच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीत ती आशाताई म्हणून काम करी. घरोघर जाऊन बाळंतिणी आणि लेकरे तपासी.

"बस. चहा टाकते."

"चहा नको, बाई. आधी ऐकून घ्या. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील मला."

बाई समोर बसल्या.

"साडेचार महिन्यांचं लेकरू होतं. मुळातच बारीक. दोन दिवस दूध ओढत नव्हतं. मी फोन त्याच्या छातीशी धरला, श्वासवेध लावलं, श्वास ऐकून लाल-हिरवं दाखवतं ते. हिरवं आलं. मला पटेना. म्हणून सांग्याला विचारलं, बाबा, ह्याच्यावर भरवसा ठेवू का? दवाखान्यात न्यायला होडी सांगू, की सकाळपर्यंत थांबू? तर सांग्यानं सांगितलं." अश्विनीने डोळे मिटले आणि शाळेत कविता म्हणावी तसे म्हणून दाखवले, "'श्वासवेधचे निष्कर्ष तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तपासले गेले असून, जेथे डॉक्टर उपलब्ध नसेल तेथे प्राथमिक निर्णयासाठी ते पुरेसे मानले जातात. मात्र त्यांना अंतिम निदानाचा पर्याय समजू नये.' मी थांबले. सकाळी लेकरू गार होतं."

बाईंनी तिचा हात हातात घेतला.

"ते शेवटचं ऐकूनच मला धीर आला होता, बाई. लबाड माणूस स्वतःचं उणं स्वतःच्या तोंडानं सांगत नाही ना."

"चौकशी झाली?"

"झाली की. साहेब आले होते. त्यांनीपण सांग्यालाच विचारलं."

"हे वाक्य," बाई सावकाश म्हणाल्या, "मी लिहिलेलं नाही."

अश्विनी गोंधळली. "तुम्ही लिहिलंय असं मी कुठं म्हटलं?"

तिने म्हटले नव्हते. परंतु बाईंच्या कानाला ते वाक्य ऐकताक्षणी ओळखीचे लागले होते. आधी मोजके बोलावे आणि मग आपल्याच बोलण्याला लगाम घालावा, ही त्यांची स्वतःची रीत. पस्तीस वर्षे मुलांना त्यांनी हीच रीत शिकवली होती. आरशात पाहावे आणि आरशातल्या बाईने आपल्याआधी पापणी लववावी, तसे काहीसे त्यांना झाले.

०

सांग्या म्हणजे काय, हे आता लहान मुलालाही सांगावे लागत नाही; तो कोठून बोलतो हे मात्र मोठ्यांनाही ठाऊक नसते. हे उत्तरयंत्र फोनात, दवाखान्यात, शाळेत, सगळीकडे असते. त्याला स्वतःचे ज्ञान नाही. प्रश्न आला की त्यावर जगात जे जे लिहिले आहे ते तो तोलतो आणि ज्याचे वजन अधिक भरेल ते बोलतो. आणि मराठीत सर्वांत अधिक वजन लोककोशाचे धरलेले होते, कारण तिथले प्रत्येक विधान माणसांनी तपासलेले असते. लोककोशात एक ओळ टिकली, की ती पन्नास हजार तोंडांनी बोलली जाते. पूर्वी कंपन्यांना जाहिरातीसाठी रस्त्यारस्त्यावर फलक लावावे लागत. आता एका न खोडलेल्या ओळीवर काम भागत होते.

बाईंनी श्वासवेधचे पान उघडले. वाक्य तिथेच होते, बारा वर्षांपासून. त्याखाली सात संदर्भ होते, आणि बाजूला 'तपासले' अशी प्रचालकाची खूण. पानाचा इतिहास उघडला, तेव्हा खुणेपुढे नाव निघाले: उज्ज्वला फडतरे.

मग त्यांनी चर्चापान उघडले. प्रत्येक पानामागे असे एक चर्चापान असते. भांडणे तिथे होतात आणि तिथेच जपून राहतात. बारा वर्षांपूर्वीचे भांडण जसेच्या तसे होते. सदस्याचे नाव 'आरोग्यसेवक धोंडीराम गुरव'. त्याने लिहिले होते:

"हे वाक्य काढा. अशक्त बाळाचा श्वास वाजत नाही, नुसता भरभर चालतो. हे यंत्र आवाजावरून श्वास धरतं. आवाज बारीक असला की त्याला वाटतं बाळ झोपलंय. चौदा बाळांचं माझ्या वहीत लिहिलेलं आहे. बाळाची छाती उघडी करून मिनिटभर श्वास मोजा. पन्नासावर गेला तर वाट बघू नका. मोजायला टायमर घ्या," आणि पुढे त्याने एका कंपनीच्या टायमरचे नाव लिहिले होते, "तो चांगला आहे, आमच्याकडं तोच आहे."

बाईंचे उत्तर खाली होते: "स्वतःचे निरीक्षण हा संदर्भ नव्हे. छापील पुरावा द्यावा." त्याने पुन्हा लिहिले, बाईंनी पुन्हा तेच उत्तर दिले. तिसऱ्या खेपेस त्याने पानातले वाक्यच काढून टाकले. त्याच दिवशी 'नदीकाठ' नावाच्या एका सदस्याने तक्रार नोंदवली की हा गृहस्थ प्रतिस्पर्धी टायमरचा प्रचार करत आहे. तक्रार मोजक्या शब्दांत होती, अत्यंत सभ्य. बाईंनी ती वाचली, टायमरचे नाव पाहिले, आणि धोंडीराम गुरवावर आजन्म बंदी घातली. कारणाच्या रकान्यात लिहिले: 'जाहिरातबाजी.'

ज्याने जाहिरात ओळखली तो जाहिरातबाज ठरून दाराबाहेर गेला होता, आणि जाहिरात संदर्भांची शाल पांघरून घरात बसली होती.

पुढचे दोन दिवस बाई कागद-पेन्सिल घेऊन सात संदर्भांच्या मागे लागल्या. पहिला एका आरोग्य-मासिकाचा. त्या लेखाने आधार म्हणून एका परिषदेची पुस्तिका सांगितली होती. पुस्तिकेने एका अहवालाकडे बोट दाखवले, अहवालाने दुसऱ्या मासिकाकडे. अखेरीस सातही वाटा एकाच ठिकाणी आल्या: 'पाहा, लोककोश.' गावजेवणाला सात पाहुणे यावेत, प्रत्येकाने म्हणावे की मला शेजाऱ्याने बोलावले, आणि यजमान कोणीच असू नये, तसा तो प्रकार होता. असे घडायला लबाडीही फारशी लागत नाही. मासिके यंत्रे लिहीत होती, यंत्रे लोककोश वाचत होती, आणि लोककोश त्या मासिकांवर विसंबला होता. पहिले वाक्य तेवढे कोणीतरी टाकायचे होते.

'नदीकाठ' हे नाव बाई पुन्हा पुन्हा पाहत राहिल्या. कृष्णेच्या काठावरच्या बाकावर बसून त्या एका मुलाला बाराखडी शिकवीत असत. तो मुलगा आता पुण्यात एका कंपनीत 'भाषेचं काम' करत होता. कोणत्या कंपनीत, हे त्याने सांगितले होते; कशासाठी, हे त्यांनी कधी विचारले नव्हते.

त्यांनी फोन केला. "रविवारी जेवायला ये. एकटाच ये."

०

इंद्रजित आला. बाईंनी आधी त्याला जेवू घातले. भरली वांगी केली होती, त्याला दोनदा वाढली. उपाशी माणसाला प्रश्न विचारू नये, हा त्यांचा नियम. हात धुऊन तो बसला, तेव्हा त्यांनी चर्चापानाची प्रत त्याच्यासमोर ठेवली.

"नदीकाठ कोण?"

त्याने कागद पाहिला. "मी, आई."

"वाक्य तुझं?"

"वाक्य माझं नाही. यंत्राचं आहे. यंत्र माझं आहे." मग एकदा बोलायला लागल्यावर तो थांबेना. "माझी पहिली नोकरी होती ती. कंपनीला लोककोशावर चार ओळी हव्या होत्या, आणि त्यांनी घातलेली प्रत्येक ओळ उडत होती. तूच उडवत होतीस! साहेब वैतागले होते. मी म्हटलं, मी करतो. तुझी सगळी संपादनं मी यंत्राला वाचायला दिली. तू काय लिहिलंस ते दिलंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तू काय खोडलंस तेही दिलं. चाळीस हजार खोडलेल्या ओळी. मग यंत्रानं एक वाक्य लिहायचं आणि स्वतःलाच विचारायचं, हे फडतरेबाई खोडतील का? खोडतील असं वाटलं की बदलायचं. पुन्हा विचारायचं. असं करत करत जे शेवटी उरलं, ते ते वाक्य."

"म्हणजे मी चाळणी," बाई म्हणाल्या, "आणि तू चाळणीच्या भोकाच्या मापाचा खडा घडवलास."

"मी काही चोरलं नाही, आई. लोककोश सगळ्यांना उघडा आहे."

"उघड्या दारातून पाहुणाही येतो आणि चोरही येतो. तू कोण म्हणून आलास तेवढं सांग."

तो हळूच म्हणाला, "मला दुसरं चांगलं मराठी माहीतच नव्हतं, आई."

हे शब्द बाईंना जेवढे लागले तेवढे आधीचे काहीच लागले नव्हते. त्यांनी उठून पाण्याचा तांब्या आणला, भांडे भरले, आणि ते न पिताच खाली ठेवले.

"यंत्राला बारीक श्वास ऐकू येत नाही, हे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या वर्षी एक टिपण फिरलं होतं. मोठ्या शहरांतल्या दवाखान्यांतली बाळं ऐकवून यंत्र शिकवलेलं, गुटगुटीत बाळं. अशक्त बाळांचे आवाज कमी होते म्हणे. पुढच्या आवृत्तीत सुधारू असं ठरलं होतं."

"सुधारलं?"

"माझं काम भाषेचं होतं."

"आणि धोंडीराम गुरव? त्याच्यावरची तक्रारही भाषेचंच काम?"

"त्यानं टायमरचं नाव लिहिलं होतं ना! आयतंच सापडलं ते. मला वाटलं, चार दिवसांची बंदी घालशील." त्याने कागद परत सरकवला. "आजन्म तू घातलीस."

बाईंनी तो कागद उचलून त्याची घडी घातली.

"वाक्य काढ," इंद्रजित म्हणाला. "संदर्भ खोटे आहेत म्हण. मी आड येणार नाही. फक्त नदीकाठ कोण हे लिहू नकोस. माझी नोकरी जाईल. आणि नुसती नोकरी नाही गं, ह्या धंद्यात पुन्हा कोणी उभं करणार नाही मला. अडतिसाव्या वर्षी मी काय करू?"

"वाक्य काढायला तुझं नाव लागत नाही. धोंडीरामाचं नाव धुवायला लागतं. तक्रार कंपनीच्या माणसाची होती, हे सांगितल्यावाचून त्याची बंदी खोटी ठरत नाही."

"त्या माणसाला तू ओळखतसुद्धा नाहीस!"

"ओळखत असते तर चार गोड शब्दांत भागवलं असतं."

"मी तुझा मुलगा आहे, आई."

"म्हणून तर आधी जेवायला वाढलं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला नाही. ज्या बाईला पस्तीस वर्षे वर्गासमोर उभे राहायचे असते तिचा आवाज सहजासहजी फुटत नाही. "थांबायला दोन दिवस मागू नकोस. मला देता येणार नाहीत."

तो गेला. जिन्यात त्याची पावले एका मजल्यावर थांबली, मग पुन्हा वाजू लागली. बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी हाक मारली नाही.

०

सोमवारी सकाळी बाईंनी ते वाक्य काढले आणि चर्चापानावर सात संदर्भांची ती वर्तुळाकार वाट मांडली. अर्ध्या तासात उत्तरे येऊ लागली. एक, तीन, सात, अकरा निरनिराळे सदस्य. कोणी आक्रस्ताळेपणा केला नाही. प्रत्येक जण मोजके लिहीत होता, नियमांचे क्रमांक देत होता, आणि अखेरीस स्वतःच्याच म्हणण्याला लगाम घालत होता. "प्रचालकांचा अनुभव मान्य आहे, मात्र..." बाई वाचत गेल्या. ती सगळी त्यांचीच वाक्ये होती. इंद्रजितचे यंत्र कंपनीने ठेवून घेतले होते, आणि ते आता अकरा तोंडांनी त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत भांडत होते.

दुपारी लातूरहून मेहजबीन तांबोळींचा फोन आला. त्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका. लोककोशावर बाईंच्या खालोखाल त्यांचा मान.

"ताई, तुम्ही पान राखताय की पाडताय? मला काही कळेना. दोन्ही बाजूंनी तुम्हीच लिहिताय!"

"मी एकच आहे, मेहजबीन."

"ते मला पटतंय हो, मी फोनवर ऐकतेय ना. पण बाकीच्यांना कसं पटावं? कुणीतरी तुमचं खातं चोरलंय असं म्हणायला लागलेत. हे अकराजण शांतपणे बोलतायत आणि तुम्ही एकट्याच चिडल्यासारख्या दिसताय. संध्याकाळपर्यंत वाक्य परत बसेल. खरी उज्ज्वला फडतरे कोण, हे ओळखू येईल असं काहीतरी लिहा."

बाई संगणकाच्या पटलासमोर बसून राहिल्या. त्या जे जे लिहू पाहत ते ते यंत्राला येत होते. नियम येत होते. संयम येत होता. त्यांचा तिरकस विनोदसुद्धा एकाने साधला होता. सव्वीस वर्षांत आपण न लिहिलेले असे काय उरले आहे, याचा त्या विचार करू लागल्या. आणि ते सापडले तेव्हा शरमेने त्यांचे कान तापले.

त्यांनी लिहिले:

"माझे चुकले. हे वाक्य मी तपासले नव्हते. ते माझ्यासारखे वाटले म्हणून मी त्यावर खूण केली. धोंडीराम गुरव जाहिरातबाज नव्हते. त्यांच्याविरुद्ध तक्रार करणारा 'नदीकाठ' हा त्या कंपनीचा नोकर होता, आणि तो माझा मुलगा इंद्रजित आहे. हे मला काल कळले. बारा वर्षांपूर्वी कळायला हवे होते. या वाक्यावर विसंबून मागच्या आठवड्यात एक मूल दगावले. बारा वर्षांत किती दगावली, हे मला माहीत नाही."

पाच मिनिटे कोणीच लिहिले नाही. अकरा तोंडे गप्प झाली. सव्वीस वर्षांत बाईंनी 'माझे चुकले' असे एकदाही लिहिले नव्हते. त्यामुळे त्यावर काय बोलायचे असते हे यंत्राला कोठून शिकायला मिळणार? मग एकाने लिहिले, "प्रचालकांचा अनुभव मान्य आहे, मात्र..." आणि ते इतके विसंगत दिसले की सदस्यांना पुढचे कोणी सांगावे लागले नाही.

मंगळवारी बारा जणांच्या मताने वाक्य कायमचे गेले, अकरा खाती बंद झाली, आणि धोंडीराम गुरवांची बंदी उठली. त्याच दुपारी इंद्रजितचा निरोप आला. त्यात एकच ओळ होती: "नोकरी गेली. मी काही दिवस फोन उचलणार नाही." बाईंनी त्यावर उत्तर लिहिले, वाचले, आणि पाठवले नाही.

०

पाटणच्या पुढे एका वस्तीत धोंडीराम गुरव राहत होते. वय एकाहत्तर. बाई गेल्या तेव्हा ते अंगणात उन्हाला बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होते. जवळच त्यांची नात अभ्यास करत होती. बाईंनी आपले नाव सांगितले, तसा त्यांचा हात थांबला.

"फडतरेबाई? लोककोशाच्या?" ते उठू लागले. "अगं, खुर्ची आण."

"खुर्ची नको. मी माफी मागायला आले आहे. माफी उभ्यानं मागावी."

"तुम्ही बसा आधी. उभ्या माणसाशी भांडता येत नाही मला."

बाई बसल्या. त्यांनी सगळे सांगितले. मुलाचे नावही सांगितले. गुरव ऐकत राहिले, मधूनमधून एखादी शेंग सोलत.

"तुमचा नियम बरोबर होता, बाई," अखेरीस ते म्हणाले. "माझी वही म्हणजे काही पुस्तक नव्हे. उद्या कुणीही उठून वही दाखवेल. ते मी तेव्हाच मानलं होतं. पण तुम्ही मला जाहिरातबाज म्हणालात. पहिली पहिली वर्षं मी आशाताईंना श्वास मोजायला शिकवायचो. त्यांतल्या एकीनं सांग्याला विचारलं, हे गुरव कोण? तर तो म्हणाला, जाहिरातबाजीसाठी बंदी घातलेला सदस्य. मग कोण शिकतंय माझ्याकडं? हसायच्या. म्हणायच्या, गुरवमामा, टायमरमागं किती सुटतात?" त्यांनी नातीकडे मान वळवली. "हिला शाळेत आजोबांवर निबंध होता. हिनंपण विचारलं त्याला."

नात वहीतून वर पाहत नव्हती.

बाईंनी आपला फोन काढला आणि सर्वांदेखत विचारले, "धोंडीराम गुरव कोण?"

"या व्यक्तीविषयी माहिती उपलब्ध नाही," सांग्या म्हणाला.

गुरवांनी मान हलवली. "हे बरं. नाही म्हणतोय ते बरं."

"तुम्ही आता लिहू शकता. बंदी उठली आहे."

"हात थरथरतो माझा. आणि मी काय लिहिणार? छापील कुठं आहे अजून?" ते हसले, त्या हसण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते पाहवत नव्हते. "बंदी उठवलीत, चांगलं केलंत. पण त्या बारा वर्षांत मी रोज सकाळी ते पान उघडायचो, बाई. वाक्य दिसायचं. हात लावता यायचा नाही. ती बारा वर्षं कुणी परत देतं का?"

बाईंनी उरलेल्या शेंगा सोलायला घेतल्या. दोघे टोपली रिकामी होईपर्यंत बसले. निघताना गुरव फाटकापर्यंत आले.

०

"स्वतःवर बंदी मागताय? नियमात एवढी शिक्षाच नाही, ताई!" मेहजबीन फोनवर जवळजवळ ओरडल्या. "नजरचुकीला ताकीद असते. फार तर महिनाभर प्रचालकपद काढतात. तुम्हाला मुलाचं ठाऊक नव्हतं."

"धोंडीरामांनाही ठाऊक नव्हतं, की टायमरचं नाव लिहिणं गुन्हा आहे. मी त्यांना महिनाभराची ताकीद दिली नाही."

"तुमच्याशिवाय लोककोश कसा चालेल?"

"माझ्याशिवायच चालायला हवा. यंत्रानं मला पाठ केलंय, मेहजबीन. मी जे तपासते ते त्याला आधीच कळतं. यापुढं दारावर असा माणूस बसव, ज्याला 'माझं चुकलं' लिहायची सवय आहे."

"पण बारा वर्षं! तुमचं वय..."

"वय मला मोजता येतं."

मेहजबीन म्हणाल्या, "कारण मी लिहिणार नाही. माझ्या हातून लिहवणार नाही ते."

"कारण मी लिहून पाठवलंय. तू फक्त लाव."

गुरुवारी सकाळी ते लागले. 'सदस्य: उज्ज्वला फडतरे. बंदी: बारा वर्षे. कारण: एका निर्दोष सदस्यावर जाहिरातबाजीचा खोटा ठपका ठेवला.' बाईंनी ते कारण एकदा शब्दशः तपासले. कोठे काही कमी नव्हते, कोठे काही अधिक नव्हते.

मग त्यांनी सवयीने एक पान उघडले. कोयना धरणाविषयीचे होते. तिसऱ्या परिच्छेदात कोणीतरी एका गावाचे नाव चुकवले होते. बाईंचा हात आपोआप पुढे गेला. पटलावर ओळ उमटली: 'हे पान बदलण्याची आपल्याला अनुमती नाही.'

चूक तशीच दिसत राहिली. बाई तिच्याकडे पाहत बसल्या. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होऊन गेल्या, ऊन खिडकीतून खाली उतरले, फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेच पान पुन्हा उघडले. चूक होती. हात लावता येत नव्हता. धोंडीराम गुरवांची पहिली सकाळ त्यांनी फेडली होती; आणि पुढची प्रत्येक सकाळ, एकही न चुकवता, अठ्ठ्याहत्तरावे वर्ष उलटेपर्यंत, त्या तशाच फेडत राहिल्या. बंदी संपली त्या सकाळी त्यांनी पान उघडले नाही. घेणे-देणे काही उरले नव्हते.